झाडाची उंची नको, मुळांचा गोळा मोजा

सांगलीच्या विश्रामबागहून एका ताईंनी विचारलं आहे: दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. हॉलमध्ये पूर्वेच्या खिडकीजवळ पाच वर्षांचा मॉन्स्टेरा (मोठ्या, चिरलेल्या पानांचा शोभेचा वेल) आहे, साडेचार फूट उंच, १२ इंची प्लास्टिकच्या कुंडीत. खालच्या भोकांतून मुळं बाहेर आली आहेत आणि झाड एका बाजूला कलंडतंय. लेकीने २२ इंची चकचकीत सिरॅमिकची कुंडी आणली आहे, तिला भोक नाही. माळीदादा म्हणतात, तळाला चार इंच विटांचे तुकडे टाकून थेट लावू. लावावं का?

ताई, थेट लावू नका. कुंडी मात्र परत करू नका. तिचा चांगला उपयोग होणार आहे, तो पुढे सांगतो.

सांगली-मिरज रस्त्याला माझी नर्सरी आहे, २६ वर्षं झाली. घरातली मोठी झाडं लोक पाणी न घालून मारतात असं सगळ्यांना वाटतं. माझ्याकडे दुखणाईत होऊन येणारी बहुतेक झाडं फार मोठ्या कुंडीत बसवलेली असतात. सुरुवातीच्या वर्षांत अशा एका झाडाला मीच जबाबदार होतो. मिरजेतल्या एका घरी असाच मोठा मॉन्स्टेरा २४ इंची बिनभोकाच्या कुंडीत लावून दिला. त्यांचा आग्रह होता, मलाही वाटलं खाली खडी टाकली की भागेल. तीन महिन्यांनी बोलावणं आलं, पानं पिवळी पडली होती. वरची माती बोटाला कोरडी लागत होती, म्हणून घरातली मंडळी आणखी पाणी घालत होती. आम्ही कुंडी आडवी करून झाड बाहेर ओढलं आणि सगळ्या खोलीत तुंबलेल्या गटारासारखा वास सुटला. खालचा वीतभर भाग नुसता चिखल. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर त्याची साल ओल्या कागदासारखी निघून हातात आली आणि मागे दोऱ्यासारखा धागा लोंबत राहिला. त्या घरातल्या आजींचा चेहरा मला अजून आठवतो. त्या दिवसापासून बिनभोकाच्या कुंडीत मी कुणालाही झाड लावून देत नाही.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक कुंडी तुम्ही स्वतः निवडाल. कुंडीची रुंदी आणि उंची सारख्या प्रमाणात वाढली की आत मावणारी माती घनाच्या हिशेबाने वाढते. १२ इंचीवरून १४ इंचीवर गेलात तर माती साधारण दीडपट होते. १२ वरून २२ वर गेलात तर सहापट! झाडाची मुळं मात्र आहेत तेवढीच. कुंडीतलं पाणी मुख्यतः मुळं पिऊन संपवतात. जिथे मुळं पोचलेलीच नाहीत तिथली माती आठवडेच्या आठवडे ओली राहते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असायला हवी, तिथे पाणी बसतं, आणि मुळांना श्वासाला प्राणवायू मिळत नाही. मूळ असं गुदमरलं की पिथियमसारख्या बुरशीचं फावतं. आपल्याकडच्या हळदवाल्यांना हे नवं नाही. पावसाळ्यात वाफ्यात पाणी साचलं की गड्डे कुजतात, त्या कंदकुजीमागे हीच पिथियम असते. हळद गादीवाफ्यावर घेतात ती पाण्याचा निचरा व्हावा म्हणूनच. शेतात जे इतकं सांभाळतो ते हॉलमध्ये आणलेल्या झाडाबाबत विसरून जातो.

आता विटांच्या तुकड्यांबद्दल. तुमच्या माळीदादांचा हेतू चांगला आहे आणि ही पद्धत आजोबा-पणजोबांपासून चालत आली आहे, पण ती उलटं काम करते. खात्री करायची तर भांडी घासायचा जाड स्पंज घ्या. पाण्यात पुरता भिजवा आणि न दाबता सपाट आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. थांबल्यावर तोच स्पंज उभा करा. पुन्हा धार लागते. पाणी तेच, स्पंज तोच, फक्त उंची बदलली. उभ्या स्पंजातही खालची दोन बोटं ओली राहतात, पण वरचा भाग मोकळा होतो. कुंडीतली माती अशीच वागते. भोक असलं, निचरा पूर्ण झाला, तरी तळाशी एक चिंब थर उरतोच. तो किती जाड हे मातीच्या पोतावर ठरतं, कुंडी केवढी यावर नाही. खाली विटांचे तुकडे टाकले तर वरच्या बारीक मातीतलं पाणी त्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. माती तुडुंब भरल्यावरच ते खाली पाझरतं. म्हणजे चिंब थर गेला कुठेच नाही, तळाशी होता तो चार इंच वर सरकला आणि मुळांच्या आणखी जवळ आला. भोकावर फक्त माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता एक खापरीचा तुकडा उपडा ठेवा किंवा नायलॉनच्या जाळीचा तुकडा टाका. बास.

स्पंजावरून आणखी एक गोष्ट कळते. तेवढीच माती मावणाऱ्या दोन कुंड्या असतील, एक पसरट आणि एक उंच, तर पसरट कुंडीत ओल्या थराचा वाटा जास्त पडतो. मोठ्या झाडाला थाळीसारखी उथळ कुंडी दिसायला शोभते, पण निचऱ्याला वाईट. रुंदीइतकीच किंवा रुंदीपेक्षा थोडी जास्त उंची असलेली कुंडी घ्या.

म्हणून तुमच्या झाडाला माझ्या मते १४ इंची कुंडी. झाड साडेचार फूट आहे की सहा फूट, याचा कुंडीशी थेट संबंध नाही. मोजायचा तो मुळांचा गोळा. गोळ्याच्या सगळ्या बाजूंनी एक ते दीड इंच नवी माती मावेल एवढीच जागा हवी. १२ इंची कुंडी मुळांनी खच्चून भरलेली असेल तर १४, आणि गोळा बाहेर काढल्यावर मुळं विरळ दिसली तर कुंडी तीच, फक्त माती नवी. खालून दोन मुळं डोकावली म्हणजे कुंडी भरली असं नाही. मॉन्स्टेराची मुळं ओलाव्याच्या शोधात भोकातून सहज बाहेर येतात. खरं काय ते गोळा बघितल्यावरच कळतं.

गोळा बघायचा असा. आदल्या संध्याकाळी पाणी घाला, म्हणजे माती मुळांना धरून राहील. सकाळी फरशीवर पोतं अंथरा, दोघांनी मिळून झाड कुंडीसकट आडवं करा. पानं आधी सुतळीने सैल बांधून घ्या, नाहीतर मोठ्या पानांचे देठ मोडतात. कुंडीच्या अंगावर तळहाताने चारही बाजूंनी थापट्या मारा. बाहेर आलेली मुळं आत ओढायचा प्रयत्न करू नका. ती कापा, किंवा कटरने जुनी प्लास्टिकची कुंडीच उभी चिरा. कुंडी शंभर-दीडशेची, झाड पाच वर्षांचं. हातमोजे घाला, कारण मॉन्स्टेरा हा अळू आणि सुरणाच्या कुळातला आहे आणि त्याचा चीक तसाच खाजतो. लहान मुलं, मांजर, कुत्रं यांना त्या वेळी लांब ठेवा.

निरोगी मूळ पांढरट किंवा फिकट पिवळसर, दाबलं तर टणक. शेवयांच्या भेंडोळ्यासारखी मुळं गोल गोल फिरलेली दिसली तर खालचा तिसरा हिस्सा बोटांनी अलगद सोडवा. काळी, लिबलिबीत मुळं असतील तर स्वच्छ कात्रीने निरोगी भागापर्यंत कापा. अशी बरीच मुळं कापावी लागली तर १४ इंचीचा विचार सोडा आणि पुन्हा १२ इंचीतच लावा.

कुंडी कशाची घ्यावी हा प्रश्न मला रोज विचारतात, आणि माझं उत्तर गावागणिक बदलतं. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी झिरपून वाळतं, माठासारखं. मुळांना हवा मिळते, जास्त पाणी पडलं तरी निभावतं. सातारा जिल्ह्यात पाटण, महाबळेश्वर या भागात पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली असते, तिथे मी मातीचीच कुंडी देतो. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो आणि हवा कोरडी असते. इथे मोठ्या पानांच्या झाडाला मातीच्या कुंडीत एक दिवसाआड पाणी लागतं. घरातलं कुणीतरी रोज लक्ष देणार असेल तर बिनधास्त मातीची घ्या, वापरण्याआधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर कोरडी कुंडीच पहिलं पाणी पिऊन टाकते. बाहेरून पांढरे डाग पडतात ते पाण्यातल्या क्षारांचे, बोअरचं पाणी असेल तर जास्तच. कुंडी खराब झाली असं समजू नका. अधूनमधून ब्रशने घासा.

एक अडचण आहे. मुळं मातीच्या कुंडीच्या आतल्या अंगाला घट्ट चिकटतात आणि पुढच्या वेळी सुटताना तुटतात. त्यामुळे दोन-तीन वर्षांनी पुन्हा हलवावं लागणाऱ्या मोठ्या झाडाला मी बहुतेकदा जाड प्लास्टिकची कुंडी देतो. ती ओल धरते, म्हणून माती मोकळी हवी आणि पाणी घालताना हात आखडता हवा. चकचकीत सिरॅमिक पाण्याच्या बाबतीत प्लास्टिकसारखंच वागतं, फक्त जड असतं. फायबरची कुंडीही तशीच, वजनाला हलकी. सिमेंटची नवी कुंडी आठवडाभर पाण्याने भरून ठेवा आणि रोज पाणी बदला, नाहीतर चुना सुटून माती अल्कधर्मी होते. ती उचलायला मात्र माणसं लागतात, दुसऱ्या मजल्यावर मी सुचवत नाही. पितळेचं किंवा तांब्याचं जुनं घंगाळ घरात असेल आणि त्यात झाड ठेवायची हौस असेल तर ते बाहेरचं भांडं म्हणूनच वापरा. तांबं मुळांच्या टोकांना सोसत नाही.

माठासारखी, पोट मोठं आणि तोंड निमुळतं असलेली कुंडी कितीही देखणी असली तरी मोठ्या झाडाला घेऊ नका. आत गोळा पोटभर वाढतो आणि तोंडातून बाहेर निघत नाही. मग कुंडी फोडा, नाहीतर मुळं तोडा. सरळ भिंतीची किंवा वर किंचित रुंद होत जाणारी घ्या.

तुमचं झाड कलंडतंय याचं कारण मात्र कुंडीत शोधू नका. मॉन्स्टेरा दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या पावसाळी जंगलातला वेल आहे. तो मोठ्या वृक्षांच्या खोडावर हवाई मुळांनी चिकटत वर चढतो. आधार नसला की आडवा पसरतो, आणि त्याचा भार एका बाजूला जातो. त्याला २२ इंची कुंडीत लावलं तरी तो कलंडणारच. आधाराची काठी आता कुंडी बदलतानाच लावा. दोन इंची पीव्हीसी पाइपला काथ्या गुंडाळलेली, चार-साडेचार फुटांची. ती आधी रिकाम्या कुंडीत तळापर्यंत उभी करा, मग झाड बसवा, मग माती भरा. नंतर खुपसली तर मुळंही चिरते आणि काठीही डुगडुगते. झाडाची पाठ, म्हणजे जिकडून हवाई मुळं निघतात ती बाजू, काठीकडे करा आणि खोड जाड सुताने सैल बांधा. देठ बांधू नका, त्यांना उजेडाकडे वळायचं असतं.

मातीबद्दल थोडं सविस्तर, कारण कुंडी कितीही बरोबर निवडली तरी आत काळी माती भरली तर सगळं वाया. आपली कृष्णाकाठची काळी माती उसाला सोनं आहे. कुंडीत ती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. शेतात पडतात तशा भेगा कुंडीत कडेने पडतात, माती भिंतीपासून सुटते. मग वरून तांब्याभर पाणी घाला, ते त्या फटीतून सरळ खाली उतरून बशीत येतं. तुम्हाला वाटतं झाड पाणी प्यालं, आणि गोळा आत कोरडाच. हे मी इतक्या घरांत बघितलंय की बशीत लगेच पाणी आलं म्हटलं की मी आधी कडेची फट बघतो.

मॉन्स्टेराला जंगलात पालापाचोळा आणि सालीतली मोकळी जागा मिळते, तशीच इथे द्या. दोन घमेली भिजवून धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), एक घमेलं नारळाच्या सोडणाचे बोटभर तुकडे, एक घमेलं परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे) किंवा भाताच्या तुसाचा कोळसा, एक घमेलं चांगलं कुजलेलं गांडूळखत. कोकोपीट धुणं टाळू नका, त्यात क्षार असतात. कोकोपीटची पाच किलोची वीट फुगून साठ-सत्तर लिटर होते, तुम्हाला अर्धीही पुरेल. मूठ दाबून बघा: गोळा झाला पाहिजे आणि बोटाने टोचताच सुटला पाहिजे.

या मिश्रणाचा दुसरा फायदा वजनाचा. भिजलेली १४ इंची कुंडी झाडासकट तीस-पस्तीस किलोच्या आसपास राहते. तीच २२ इंची कुंडी साध्या मातीने भरून भिजवली तर दीडशे किलोच्या वर जाते. पुढे एकदा तरी ती सरकवावी लागणार, फरशी पुसायला, रंगाच्या वेळी, दिवाळीच्या साफसफाईला. गॅलरीच्या कठड्याशी तर एवढं वजन नकोच.

आता लेकीची कुंडी. तिला बाहेरची कुंडी करा. तळाशी विटा रचा, त्यावर १४ इंची कुंडी ठेवा, म्हणजे आतल्या कुंडीचा काठ बाहेरच्या काठाच्या बोटभर खाली येईल. भोवतीच्या फटीत नारळाच्या शेंड्या भरा, दिसायला एकच मोठी कुंडी दिसेल. विटांमुळे तळ जड होतो, झाड उलटत नाही, आणि निथळलेलं पाणी मुळांना लागत नाही. विटांचे तुकडे घरात आलेच असतील तर त्यांची जागा ही. पण हे पाणी विसरू नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत तिथून डास उडतो. घरातली साचलेली पाणी काढायचा आठवड्याचा कोरडा दिवस ठरलेला असेल तर त्या दिवशी शेंड्या बाजूला करून आत बघा आणि पाणी टिपून घ्या. पाणी घालायच्या वेळी आतली कुंडी बाथरूममध्ये नेता आली तर सगळ्यात उत्तम.

कुणी म्हणेल, टाइल्स फिटरकडून सिरॅमिकला भोक पाडून घेऊ. पडतं, डायमंड बिटने, पाणी सोडत, ड्रिलचा हातोडा बंद ठेवून. पण भोक पाडल्याने २२ इंचीची १४ इंची होत नाही. दोन-तीनदा कुंडी बदलून झाड तिथवर पोचलं की तेव्हा पाडा.

मुहूर्ताचं म्हणाल तर मृगाचा पाऊस पडून हवेत ओल आली की करा. जून-जुलैत मुळं लगेच धरतात. मेच्या उन्हाळ्यात झाड आधीच तहानलेलं असतं, आणि डिसेंबर-जानेवारीत वाढ मंदावलेली असते. लावल्यावर एकदा खालून निथळेपर्यंत पाणी, मग बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागेपर्यंत थांबा. महिना-दीड महिना खत नको. एखादं खालचं पान पिवळं पडेल, घाबरू नका.

घरात इतर मोठी झाडं असतील तर थोडक्यात: अरेका पामला मुळं छेडलेली आवडत नाहीत, त्याचा गोळा न सोडवता तसाच उंच कुंडीत सरकवा. रबराच्या झाडाला घट्ट कुंडी चालते. स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांट यांचे गड्डे पाणी साठवून ठेवतात, त्यांना मातीची कुंडी सगळ्यात सुरक्षित. ती प्लास्टिकच्या कुंडीत असतील तर गड्ड्यांनी कुंडी फुगून तिचा आकार बदलला की मगच बदला.

१४ इंचीत तुमचा मॉन्स्टेरा दोन-तीन वर्षं सुखाने राहील. नर्सरीत येणार असाल तर दोन मापं घेऊन या: लेकीच्या कुंडीची आतली उंची आणि तोंडाची आतली रुंदी. कोणती १४ इंची कुंडी आत बसते आणि खाली किती विटा लागतील, ते इथेच ठेवून बघू.